राखीव पंपांचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेसंबंधीचा नवा कायदा मंजूर केला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'शांती' हा शब्द निघावा अशी तजवीज करण्यात आली आहे. नामकरणाच्या कामी विद्यमान सरकार कधीच कमी पडलेले नाही. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा हे दोन्ही रद्द करणारे, खासगी भांडवलाला अणुवीज केंद्रे उभारण्याची व चालविण्याची मुभा देणारे आणि यंत्रसामग्री पुरविणाऱ्या कंपन्यांना उत्तरदायित्वातून बव्हंशी मोकळे करणारे हे विधेयक मांडले गेल्यापासून आठवडाही उलटला नाही, तोच दोन्ही सभागृहांतून पारही पडले. चर्चेत २०४७ सालच्या शंभर गिगावॉटचा घोष पुष्कळ झाला. मात्र या भावी केंद्रांतील राखीव पंपांची चाचणी कोण घेणार, चाचणीत पंप बंद पडला तर चौकशी कोण करणार, आणि त्या चौकशीचा अहवाल कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न त्या घोषात बुडून गेला. प्रश्न दिसायला किरकोळ, एखाद्या फोरमनने सोडवावा असा आहे. वस्तुतः अणुवीजेचे सारे अर्थशास्त्र आणि राजकारण त्याच्यातच साठवलेले आहे.

कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टीचे तसे नाही. साखळी प्रक्रिया थांबविल्यानंतरही इंधनात साचलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. पहिल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, पण शून्यावर येत नाही. हजार मेगावॉटच्या केंद्रात सहा टक्के म्हणजे किती, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. ती उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी लागते आणि पाणी ढकलण्यासाठी पंप लागतो. नेहमीचे पंप बंद पडल्यास चालू व्हावेत म्हणून राखीव पंप बसविलेले असतात. हे पंप एक युनिटही वीज निर्माण करीत नाहीत. कंपनीच्या ताळेबंदात ते निव्वळ खर्चाच्या बाजूला असतात. त्यांचे उत्पादन म्हणजे न घडलेला अपघात, आणि न घडलेल्या गोष्टीची विक्री कोणत्याही बाजारात होत नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, ओक हार्बर गावाजवळ डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र आहे. क्षमता सुमारे ९०० मेगावॉट, चालविण्याची जबाबदारी त्या काळी टोलीडो एडिसन या खासगी वीज कंपनीची, भट्टी बॅबकॉक अँड विल्कॉक्स या कंपनीने पुरविलेली. ९ जून १९८५ च्या रात्री १ वाजून ३५ मिनिटांनी तेथे जे घडले, ते भारतातील नव्या कायद्याचे शिल्पकार आणि टीकाकार या दोघांनीही अभ्यासावे असे आहे.

केंद्र त्या वेळी ९० टक्के क्षमतेने चालू होते. वाफ-जनित्रांना पाणी पुरविणाऱ्या दोन मुख्य पंपांपैकी एक अतिवेगामुळे बंद पडला. भट्टी आपोआप थांबली. मग नियंत्रण यंत्रणेतील एका खोट्या संकेतामुळे वाफेच्या मुख्य झडपा मिटल्या आणि वाफेवर चालणारा दुसरा मुख्य पंपही निकामी झाला. येथवर चिंतेचे फारसे कारण नव्हते, कारण अशाच प्रसंगासाठी दोन साहाय्यक पंप सज्ज होते. ते लवकर सुरू व्हावेत म्हणून नियंत्रण कक्षातील चालकाने स्वतः बटणे दाबली. घाईत ती चुकीची दाबली गेली. वाफेच्या नळ्या फुटल्या आहेत असा अर्थ यंत्रणेने घेतला आणि दोन्ही वाफ-जनित्रांचे पाणी तोडले. चूक मिनिटभराच्या आत लक्षात आली व दुरुस्तही करण्यात आली. मनुष्याची चूक एवढीच. यापुढचे सर्व अपयश यंत्रांचे, म्हणजेच यंत्रांची देखभाल करविणाऱ्या व्यवस्थापनाचे आहे.

दोन्ही साहाय्यक पंपांच्या टर्बाइन अतिवेगाने फिरून बंद पडल्या. पाण्याच्या वाटेवरील ज्या दोन झडपा मिटल्या होत्या, त्या पुन्हा उघडेनात. दोन कामगार धावत पंपांच्या खोल्यांकडे गेले. दारांना कुलुपे होती. ती उघडून आत गेल्यावर टर्बाइन हाताने पुन्हा चालू करण्याचे काम त्यांना धड जमेना, कारण प्रत्यक्ष हाताने ते करण्याचा सराव त्यांना कोणी दिलेलाच नव्हता. अधिक अनुभवी माणूस मदतीला आला तेव्हा ते जमले. तिसरा एक छोटा पंप केंद्र सुरू करताना वापरण्यासाठी होता. तो जेथून जातो त्या नळ्या फुटल्यास साहाय्यक पंपांच्या खोल्यांत पाणी शिरेल अशी भीती होती, म्हणून त्याचे फ्यूज काढून व झडपा बंद करून तो मुद्दाम निकामी ठेवलेला होता. साहाय्यक पर्यवेक्षकाने धावपळ करून कुलुपे काढली, फ्यूज बसविले आणि तो चालू केला. दाब सोडणारी सुरक्षा-झडप या काळात तीनदा उघडली आणि तिसऱ्या वेळी ती मिटेना. सुमारे बारा मिनिटे त्या वाफ-जनित्रांना पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. एका रात्री, एका केंद्रात, डझनाहून अधिक यंत्रांनी दगा दिला होता.

किरणोत्सार बाहेर पडला नाही, कोणी दगावले नाही. वीज कंपन्यांच्या भाषेत अशा प्रसंगाला 'घटना' म्हणतात, अपघात नव्हे. आणि घटना यशस्वीरीत्या हाताळली गेली असे पत्रक काढतात. ज्यांनी ती हाताळली ते रात्रपाळीचे कामगार होते, हे मात्र अशा पत्रकांत क्वचितच असते.

एखादे यंत्र शंभरदा चालू करताना एकदा दगा देत असेल, तर तशी दोन यंत्रे एकाच वेळी दगा देण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा हिशेब अणुउद्योगाचे तज्ज्ञ मांडतात. १९७५ साली अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केलेला, प्राध्यापक रासमुसेन यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल अशाच संभाव्यतांच्या गुणाकारांवर उभा होता. त्यात दोन यंत्रे एकाच कारणाने बंद पडण्याचा विचार मुळीच नव्हता असे नाही. परंतु पत्रकार परिषदांत आणि कायदेमंडळांत पोचली ती त्या गुणाकारातून निघालेली दिलासादायक संख्याच. गुणाकाराचा हा नियम दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच लागू पडतो, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. डेव्हिस-बेसीचे दोन्ही साहाय्यक पंप वाफेवरच चालत. विजेवर चालणारा एकही नव्हता. दोन्हींना त्या रात्री वाफ आली ती एरवी न वापरल्या जाणाऱ्या, लांबलचक व थंड आडनळ्यांतून. थंड नळीत वाफेचे पाणी झाले, त्या पाण्याचे गोळे टर्बाइनपर्यंत पोचले आणि वेग आवरणारी यंत्रणा गोंधळली. एकाच कारणाने दोघांचाही घात केला. कागदावरचे दहा हजारांत एक त्या रात्री शंभरात एकाच्या घरात येऊन बसले होते, आणि झडपांचे तेच: दोन्ही झडपांच्या मोटरींचे स्विच एकाच चुकीच्या पद्धतीने लावलेले होते.

हे पंप तपासले जात नव्हते काय? जात होते, नियमाने जात होते. त्यांच्या चाचणीच्या नोंदी व्यवस्थित होत्या. पण चाचणीत पंपाला वाफ मिळे ती नेहमीच्या वाटेने. संकटात ज्या आडनळ्यांतून ती येणार होती, त्या थंड नळ्यांसह पंप चालवून पाहण्याचे कोणाला सुचले नाही, किंवा सुचले असल्यास परवडले नाही. झडपाही उघडून-मिटून पाहिल्या जात. मात्र एका बाजूला पूर्ण दाब आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, या अवस्थेत नव्हे. म्हणजे चाचणीने सिद्ध होत होते ते इतकेच, की चाचणीच्या परिस्थितीत पंप चालतो. परीक्षेत विचारले जाणारे प्रश्न आधीच ठाऊक असलेला विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावा, तशातली ही गत होती. शिवाय हे पंप अतिवेगाने बंद पडण्याचे प्रकार पूर्वीही घडले होते. प्रत्येक वेळी काहीतरी दुरुस्ती झाली, पंप पुन्हा फिरला, फिरला म्हणून समाधान मानले गेले आणि कारणाचा शोध तेथेच थांबला.

चाचणी कधीकधी याहूनही वाईट काम करते. २८ मार्च १९७९ रोजी पेन्सिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात मुख्य पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा तेथील राखीव पंप विनातक्रार चालू झाले. पंप फिरत होते, पण पाणी पुढे जात नव्हते. कारण दोनच दिवसांपूर्वी घेतलेल्या चाचणीनंतर त्यांच्या वाटेवरील दोन झडपा मिटलेल्याच राहिल्या होत्या. नियंत्रण कक्षातील त्यांच्या दिव्यांपैकी एक दुरुस्तीच्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी हा प्रकार ध्यानात आला. पंप निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी घेतलेल्या चाचणीनेच तो निरुपयोगी करून ठेवला होता. त्या केंद्राच्या विनाशाचे हेच मुख्य कारण होते असे चौकशी आयोगांनी म्हटले नाही. मुख्य कारण उघडी राहिलेली सुरक्षा-झडप आणि तिच्यामुळे झालेली दिशाभूल हे होते. परंतु अगदी तशीच झडप तशीच उघडी राहण्याचा प्रकार सप्टेंबर १९७७ मध्ये, म्हणजे दीड वर्ष आधी, आणखी एका केंद्रात घडून गेला होता. ते केंद्र डेव्हिस-बेसीच. भट्टीची घडणही त्याच कंपनीची. भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी त्यावर टिपणे लिहिली, नियामक आयोगाच्या एका निरीक्षकाने इशारा दिला, आणि ती माहिती थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोचली नाही. एका कंपनीचा अनुभव ही दुसऱ्या कंपनीची मालमत्ता नसते. खासगी मालकीत अपघाताचे ज्ञानही कुंपणात बंदिस्त होते.

१९८५ च्या चौकशीकडे वळले पाहिजे, कारण अमेरिकी व्यवस्थेतील जे घेण्यासारखे आहे ते तेथे आहे. समाजवाद्यांनी त्याची कदर करण्यात कंजुषी करू नये. घटनेनंतर लगेच अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने स्वतःचे चौकशी पथक पाठविले. विमान अपघातांची चौकशी जशी होते तशी पद्धत अणुकेंद्रांनाही लावावी असा विचार त्या वेळी चालू होता, आणि हा तिचा पहिला प्रयोग ठरला. पथकाने पहिली आज्ञा दिली ती अशी, की दगा दिलेल्या यंत्रांना कोणी हात लावू नये. कोणते यंत्र कोणी, कोणत्या क्रमाने उघडायचे याची योजना आधी लेखी मांडायची, पथकाने ती पाहायची, मगच पाना उचलायचा. वरवर पाहता ही कारकुनी दिसते. पण बंद पडलेला पंप चालू करण्याची घाई आणि तो का बंद पडला हे जाणण्याची इच्छा या दोन परस्परविरोधी प्रेरणा आहेत. केंद्र बंद राहिलेला प्रत्येक दिवस कंपनीला विजेच्या विक्रीवर पाणी सोडायला लावतो, आणि ज्याने खोललेला भाग साफ करून पुन्हा बसविला त्याने नकळत पुरावाही पुसलेला असतो. जो कारखाना रोज चालला पाहिजे, त्याच्या मालकाकडे कारण शोधण्याचे काम सोपविता येत नाही.

जुलै १९८५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर महिना-दीड महिन्यात, पथकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. ठपका चालकांवर ठेवलेला नव्हता. या केंद्रात यंत्रांची दुरुस्ती, चाचणी आणि पूर्वानुभवाचे परीक्षण हे सारे वरवरचे होत आले आहे, त्यामुळे मूळ कारणे सापडत नाहीत व दूर होत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. आणखी एक गोष्ट त्यात नोंदलेली आहे. दोन्ही वाफ-जनित्रे कोरडी पडल्यास भट्टीत थेट पाणी सोडून तिला थंड करावे, असा लेखी नियम होता. तसे केल्यास किरणोत्सारी पाणी भट्टीच्या इमारतीत पसरते आणि केंद्र साफसफाईसाठी दीर्घकाळ बंद ठेवावे लागते. तो नियम त्या रात्री तात्काळ अमलात आणला गेला नाही. पंप येतील या भरवशावर वाट पाहिली गेली. ते पंप आले, हा सुदैवाचा भाग. परंतु मध्यरात्री दोन वाजता, पाळीवरच्या पर्यवेक्षकाच्या मनात जीविताच्या सुरक्षिततेशेजारी कंपनीच्या नुकसानीचा विचार येऊन उभा राहतो, तो त्याच्या स्वभावातून नव्हे. तो त्याच्या नोकरीतून येतो.

खर्चाचा हाच विचार वरच्या मजल्यावर अधिक शांतपणे चालू होता. दोन्ही पंप वाफेवर चालतात, तेव्हा विजेवर चालणारा तिसरा पंप बसवावा, असे नियामक आयोगाच्या तज्ज्ञांचे मत थ्री माइल आयलंडनंतर झालेले होते. कंपनी आणि आयोग यांच्यात त्यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. पंपाची किंमत निश्चित होती, आज मोजावी लागणार होती आणि ती कंपनीला मोजावी लागणार होती. त्याचा लाभ अनिश्चित, उद्याचा आणि ईरी सरोवराकाठच्या लोकांचा होता. किमतीच्या एका पारड्यात खणखणीत डॉलर आणि दुसऱ्या पारड्यात दशांश चिन्हानंतर अनेक शून्ये असलेली संभाव्यता, अशी तुलना जेथे होते तेथे पंप बसत नाही. त्यातही १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने अणुकेंद्राच्या मालकाच्या नुकसानभरपाईला मर्यादा घालून दिलेली आहे; म्हणजे दुसऱ्या पारड्यातील वजन आधीच राज्यसंस्थेने उचलून बाजूला ठेवलेले. जूनच्या त्या रात्रीनंतर केंद्र दीड वर्ष बंद राहिले, डिसेंबर १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि तोवर विजेवर चालणारा पंप बसविण्यात आला होता. दीड वर्षाच्या बंदीने कंपनीचे जे नुकसान झाले, त्याच्या तुलनेत त्या पंपाची किंमत काय असेल? बाजाराच्या स्वतःच्या तर्काने पाहिले तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. मग समाजाच्या हिशेबाने पाहण्याची गरजच काय!

झडपांच्या स्विचांबाबत नोव्हेंबर १९८५ मध्ये आयोगाने देशातील सर्व केंद्रांना तपासणीचा आदेश दिला. एका केंद्रातील चौकशीचा लाभ सर्वांना मिळाला तो सार्वजनिक नियामक होता म्हणून आणि अहवाल कोणालाही वाचता येत होता म्हणून.

येथे कथा संपली असती तर अमेरिकी व्यवस्थेचे गुणगान करून थांबता आले असते. मार्च २००२ मध्ये याच केंद्रात भट्टीच्या पोलादी झाकणाला आम्लाने खाऊन खोल खड्डा पाडल्याचे आढळले; आतल्या प्रचंड दाबाला अडवीत होते ते केवळ गंजरोधक पोलादाचे पातळ अस्तर. त्या वेळची मालक कंपनी फर्स्टएनर्जी हिने तपासणी पुढे ढकलण्याची सवलत मागितली होती आणि नियामकाने ती काही प्रमाणात दिली होती. या निमित्ताने केंद्राची कसून तपासणी झाली तेव्हा उच्च दाबाच्या राखीव पंपांतही एक दोष निघाला. मोठी नळी फुटल्यावर जमिनीवर साचलेले पाणी उचलून पुन्हा वापरायची वेळ आली असती, तर त्यातील कचऱ्याने हे पंप बिघडण्याचा धोका होता. केंद्र बांधल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षे, हा दोष तेथे होता. पंप त्या काळात नियमाने तपासले जात होते, अर्थात स्वच्छ पाण्यावर. सप्टेंबर २०१७ मध्ये साहाय्यक पंपाच्या टर्बाइनचे बेअरिंग चाचणी चालू असतानाच निकामी झाले. त्यातील तेलाची पातळी नेमकी किती राखावी याबद्दल कंपनीच्या कार्यपद्धतीतच पुरेसा खुलासा नव्हता, असे नियामकाने ठरविले. झडपेवरची चिठ्ठी, आडनळीतले पाणी, बेअरिंगमधले तेल: अडतीस वर्षांत कारणे बदलली, ती क्षुल्लक असण्याचा गुण मात्र बदलला नाही.

तेल राखण्याची कार्यपद्धती सुधारण्यासाठी फारसे भांडवल लागत नाही. त्या कंपनीकडे भांडवल नव्हते असेही नाही. २०१९ साली ओहायोच्या विधिमंडळाने डेव्हिस-बेसी आणि पेरी या दोन अणुकेंद्रांना वाचविण्यासाठी वीजग्राहकांवर अधिभार बसविणारा कायदा केला. एकूण मदत शंभर कोटी डॉलरहून अधिक होणार होती. हा कायदा करवून घेण्यासाठी फर्स्टएनर्जीकडून सुमारे सहा कोटी डॉलरची लाच विधानसभेचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांच्या गोटाकडे पोचली होती. २०२० मध्ये त्यांना अटक झाली, २०२१ मध्ये कंपनीने गैरकृत्य मान्य करून २३ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे कबूल केले आणि अणुकेंद्रांचे अनुदानही रद्द झाले, २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. नफा खासगी, तोटा ग्राहकाचा आणि दोहोंमधला सांधा लाचेचा. मुक्त अर्थव्यवस्थेच्या माहेरघरी अणुवीजेची ही अवस्था आहे, आणि तेथील खासगी उद्योगाचा दाखला देऊन भारतात दारे उघडली जात आहेत.

सार्वजनिक मालकी हे या रोगावरचे पुरेसे औषध आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि आग विजेच्या तारांतून पसरली. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या तारा पुरेशा अंतरावर वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे चारी बाजूंनी सज्जता असूनही केंद्र सुमारे सतरा तास संपूर्ण अंधारात राहिले. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्राला १९७५ साली लागलेल्या आगीने हाच धडा शिकविला होता. कामगार विजेऱ्या घेऊन वर चढले, भट्टीत बोरॉनचे द्रावण हाताने सोडले, आणि आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी वाफ-जनित्रांना पाणी दिले. त्या साध्या डिझेल पंपांनी उत्तर हिंदुस्थानावरचे संकट टाळले, आणि तेही ज्या कामासाठी ते बसविले नव्हते ते काम करून. पुढल्याच वर्षी, जून १९९४ मध्ये, काक्रापार केंद्राच्या टर्बाइन इमारतीत पुराचे पाणी शिरून यंत्रे बुडाली. ही बातमी गुजराती वृत्तपत्राला कळविणारा कर्मचारी बडतर्फ झाला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला नोकरी परत दिली नाही.

अणुऊर्जा नियामक मंडळाचे १९९३ ते १९९६ या काळातील अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी १९९५ साली देशातील अणुप्रतिष्ठानांच्या सुरक्षिततेचे परीक्षण करविले. त्या अहवालात १३० उणिवा नोंदविल्या होत्या. त्यांतील ९५ अग्रक्रमाने दूर करण्याजोग्या होत्या. अहवाल गोपनीय राहिला. तो प्रकट करावा म्हणून बॉम्बे सर्वोदय मंडळ आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १९६२ च्या कायद्यातील अठराव्या कलमाचा आधार सरकारने घेतला, याचिका फेटाळली गेली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९८३ साली स्थापन झालेले हे नियामक मंडळ ज्या खात्यावर देखरेख करायची त्याच व्यवस्थेच्या अखत्यारीत राहिले; २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी यावरच बोट ठेवले. ओहायोतील टोलीडो शहराच्या रहिवाशाला तेथील पंप का बंद पडला हे महिना-दीड महिन्यात वाचता आले. बोईसर-पालघरच्या रहिवाशाला तारापूरविषयी तसे काही वाचण्याचा हक्क गेल्या अर्धशतकात कधी मिळालेला नाही, आणि तारापूर तर १९६९ पासून चालू झालेले, अमेरिकी घडणीच्याच भट्ट्यांचे केंद्र आहे.

नव्या कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे आणि ती चाळीस वर्षे उशिरा झाली आहे. पण त्याच कायद्याने माहिती निर्बंधित ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आहे. म्हणजे १९६२ च्या कलमाचा आत्मा नव्या देहात शिरला, आणि तो आता खासगी कंपनीच्या पंपांनाही संरक्षण देऊ शकेल. आजवर गुप्ततेचे समर्थन राष्ट्रहिताच्या नावाने होत असे. यापुढे भागधारकांचे हित त्या शब्दाआड सुखेनैव बसेल. २०१० च्या कायद्यातील सतराव्या कलमाने सदोष सामग्री पुरविणाऱ्यावर दावा लावण्याचा अधिकार केंद्र चालविणाऱ्याला दिलेला होता. भोपाळच्या अनुभवानंतर मिळालेली ती एक तुटपुंजी तरतूद होती. आता करारात लिहिलेले असेल तरच, किंवा हेतुपुरस्सर हानी केली असेल तरच, असा दावा उभा राहील. डेव्हिस-बेसीच्या आडनळ्यांची आखणी सदोष होती, नरोराच्या टर्बाइनच्या पात्यांची घडणही सदोष होती. दोन्ही ठिकाणी कोणी हेतुपुरस्सर काही केलेले नव्हते. अपघात हेतुपुरस्सर घडत नाहीत. म्हणून तर त्यांना अपघात म्हणतात.

कायद्याखालील नियम करताना तीन गोष्टी संसदेतील समाजवादी व डाव्या सदस्यांनी लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक केंद्रातील राखीव पंप, डिझेल जनित्रे व झडपा यांच्या चाचण्यांचे निकाल, अयशस्वी चाचण्यांसह, दर तिमाहीस जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत मराठीतून, किंवा त्या त्या राज्याच्या भाषेतून, लावले जावेत. बंद पडलेले यंत्र उघडण्यापूर्वी नियामकाची लेखी संमती बंधनकारक असावी. आणि चाचणीतील दोष बाहेर सांगणाऱ्या कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, बडतर्फीपासून संरक्षण असावे. जैतापूरला सहा भट्ट्या उभारण्याची योजना अद्याप कागदावरच आहे. माडबन-मिठगवाण्याच्या लोकांना तिच्या सुरक्षिततेची ग्वाही आजवर पुष्कळ मंत्र्यांनी आणि शास्त्रज्ञांनी दिली. तेथील एका पंपाच्या एका चाचणीची नोंदवही पाहायला मिळेल, असे आश्वासन मात्र त्यांच्यापैकी कोणीही दिलेले नाही.